बर्फ हटवणारी छोटी रेल्वेगाडी, आणि ती विकत घेणारा माणूस



मागच्या व्हिडिओत आपण लहान मार्केटबद्दल बोललो. त्यात एक उदाहरण मला दीड मिनिटात उरकावं लागलं: मॉडेल रेल्वेच्या रुळांवरचा बर्फ हटवणारी गाडी. आज तेच सविस्तर लिहितोय. हे उदाहरण ऐकून बहुतेक जण हसतात. हसून झाल्यावर दोन-तीन जण गंभीर होतात आणि मोबाइलवर शोधायला लागतात. हा लेख त्या दोन-तीन जणांसाठी आहे.

त्यातही, ज्यांनी कर्ज काढून थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर किंवा छोटा लेथ घेतलाय त्यांनी जरा नीट वाचा. तुमची परिस्थिती मला माहीत आहे. पहिल्या वर्षी कीचेन, नावाच्या पाट्या, वाढदिवसाचे टॉपर यावर हप्ता निघाला. दुसऱ्या वर्षी त्याच रस्त्यावर आणखी तिघांनी तेच मशीन घेतलं. ऐंशी रुपयांची कीचेन तीसवर आली. हप्ता मात्र तेवढाच राहिला. आता दोनच वाटा आहेत: तिसावरून पंचवीसवर या, किंवा असं काहीतरी बनवा जे त्या तिघांना जमणार नाही. जमणार नाही म्हणजे मशीन नाही म्हणून नव्हे. मशीन तर त्यांच्याकडेही तेच आहे. विचार करायची तयारी नाही म्हणून.

आधी हा छंद समजून घ्या

अमेरिका, कॅनडा, जर्मनी, स्वित्झर्लंड, जपान इथे लाखो माणसं घरात किंवा बागेत छोटी रेल्वे चालवतात. त्याला खेळणं म्हणू नका, गिऱ्हाईक दुखावतं. पन्नाशी-साठीचे लोक आहेत ते. एखाद्या इंजिनाच्या हँडरेलचा कोन चुकला तरी त्यांना झोप लागत नाही. आपल्याकडे हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. एकदा तासभर काढून जा. छोटी गाडी वळणावर कशी वाकते, सांधा कसा बदलतो, हे डोळ्यांनी बघितलं की पुढचं सगळं सोपं जाईल.

या छंदात मापं ठरलेली आहेत. सगळ्यात जास्त चालतं ते एचओ स्केल, म्हणजे खऱ्याच्या ८७वा भाग, दोन रुळांमध्ये १६.५ मिलिमीटर अंतर. त्याहून लहान एन स्केल, ९ मिलिमीटर. आणि बागेत चालते ती मोठी, ४५ मिलिमीटर रुळाची. न्युरेंबर्गच्या लेहमान कंपनीने १९६८ मध्ये एलजीबी नावाने ही बागेतली रेल्वे बाजारात आणली. तिचं प्रमाण साधारण २२.५ला १.

ही मापं फक्त तांत्रिक माहिती म्हणून सोडून देऊ नका, धंद्याचा पाया इथेच आहे. अमेरिकेतली एनएमआरए ही संघटना १९३५ मध्ये सुरू झाली. चाकाचा आकार, रुळांचं अंतर, डब्याचं वजन, कपलिंग या सगळ्याची मापं तिने लिहून ठेवली. म्हणून एका गावातल्या माणसाने बनवलेला डबा दुसऱ्या देशातल्या माणसाच्या रुळावर विनातक्रार धावतो. ही मापं नसती तर फक्त मोठ्या कंपन्या जगल्या असत्या. मापं आहेत म्हणून कीथ आणि डेल एडवर्ड्स या भावांना केवळ कपलिंगवर ओरेगॉनमध्ये केडी नावाची कंपनी उभी करता आली. के आणि डी, दोघांची आद्याक्षरं. अख्खी गाडी बनवायच्या भानगडीत न पडता, दोन डबे जोडणारा नखाएवढा भाग! मी वर्कशॉपमध्ये 'एकच भाग पकडा' असं ओरडून सांगतो, ते हेच.

बर्फ काढायची यंत्रं कोणकोणती?

खऱ्या रेल्वेत चार प्रकार दिसतात. पहिला, पाचरीसारख्या तोंडाचा नांगर. इंजिन त्याला मागून ढकलतं, तो बर्फ फाडून दोन्ही बाजूंना सारतो. पेनसिल्व्हेनियातल्या रिजवे गावची रसेल कंपनी यासाठी प्रसिद्ध होती. दुसरा फ्लँजर. रुळांच्या आतल्या बाजूला चाकाची कडा फिरते, त्या खाचेत साठलेला बर्फ आणि खडे तो खरवडतो. सांधा किंवा फाटक आलं की त्याचं पातं वर उचलावं लागतं, नाहीतर मोडतं. तिसरा स्प्रेडर, पंखासारख्या लांब बाहू पसरून रुळाशेजारचा ढीग लांब लोटणारा. ओ. एफ. जॉर्डन कंपनीमुळे त्याला जॉर्डन स्प्रेडरच म्हणतात.

चौथा रोटरी. हा सगळ्यांचा लाडका. तोंडाशी भलंमोठं पात्यांचं चाक, ते बर्फ कापून आत ओढतं आणि वरच्या तोंडातून लांब फेकतं. नवख्या माणसाला वाटतं की ही गाडी स्वतःच चालत असेल. नाही. बहुतेक रोटरींमधलं इंजिन फक्त ते चाक फिरवतं. गाडी पुढे ढकलायला मागे वेगळी इंजिनं लागतात. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

या रोटरीची जन्मकथा तुमच्या कामाची आहे. टोरंटोच्या जे. डब्ल्यू. एलियट नावाच्या दातांच्या डॉक्टरने १८६९ मध्ये याची कल्पना मांडली. कागदावर. बनवलं काहीच नाही. पुढे ऑरेंज जल नावाचा माणूस आला. नाव खरंच असं आहे, पाण्याशी संबंध नाही. त्याने ती कल्पना सुधारली, छोटी चालती मॉडेलं बनवली आणि ती वाळूत चालवून बघितली. बर्फात नव्हे, वाळूत! मग १८८३-८४च्या हिवाळ्यात लेस्ली बंधूंकडून पूर्ण आकाराचं यंत्र बनवून घेतलं आणि ते चाललं. पुढे जलने हक्क लेस्ली बंधूंना विकले, त्यांनी न्यू जर्सीत पॅटर्सनला कंपनी काढली आणि यंत्रं तिथल्या कुक इंजिन कारखान्यातून बनवून घेतली.

म्हणजे बघा, खऱ्या यंत्राच्या आधी त्याचं मॉडेल जन्माला आलं होतं, आणि त्याची चाचणी झाली ती बर्फाशिवाय. 'सर, आमच्या गावात बर्फ कुठे पडतो?' हा प्रश्न मला दर वेळी येतो, म्हणून ही गोष्ट इतकी लांबवली.

एकाच नावाची दोन प्रॉडक्ट

आता मुद्द्यावर येऊ. मॉडेल रेल्वेत 'रोटरी स्नो प्लाऊ' या एकाच नावाखाली दोन पूर्ण वेगळी प्रॉडक्ट विकली जातात, आणि नवीन माणूस इथेच घसरतो.

घरातल्या एचओ गाडीपुढे बर्फ खोटा असतो: प्लास्टर, पांढरी पावडर, रंग. तिथली गाडी बर्फ काढत नाही, काढल्यासारखी दिसते. गिऱ्हाईक पैसे देतं ते दिसण्याचे. दहा फुटांचं खरं चाक ८७ने भागलं की ३५ मिलिमीटरचं होतं. त्यावर प्रत्येक पातं, प्रत्येक रिव्हेट ओळखू आला पाहिजे. ते फिरवायला एन२० नावाची छोटी गिअर मोटर पुरते, आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळते. इथे एक बारीक गोष्ट सांगतो. काही जण डब्याच्या धुरीवरून रबराच्या पट्ट्याने चाक फिरवतात. स्वस्त पडतं, पण गाडी थांबली की चाकही थांबतं. खऱ्या रोटरीत तसं होत नाही, वर सांगितलं ना, चाकाचं इंजिन वेगळं असतं. जाणकार गिऱ्हाईक हे पहिल्या मिनिटात पकडतं. मोटर वेगळी ठेवा आणि डिजिटल कंट्रोलच्या एका बटणावर चालू-बंद होईल असं बघा. डब्याचं वजनही बघा: एनएमआरएच्या शिफारशीप्रमाणे एचओ डबा १ औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस असावा. सहा इंची डबा म्हणजे ४ औंस, साधारण ११३ ग्रॅम. प्रिंट केलेला पोकळ डबा यापेक्षा फार हलका भरतो, आणि हलका डबा मागून ढकलला की रुळावरून उतरतो. आत शिशाचे किंवा लोखंडाचे तुकडे चिकटवा. घरातल्या गाडीबद्दल एवढं पुरे.

बागेतल्या गाडीचं प्रकरण वेगळं आहे. तिथे खरा बर्फ पडतो. गिऱ्हाईक सकाळी उठून, दोन स्वेटर घालून, कॉफीचा मग कठड्यावर ठेवून गाडी सोडतं. नातवंडं खिडकीतून बघत असतात. त्या वेळी गाडी अडकली तर तुमचे रिव्हेट कितीही सुंदर असोत, काही उपयोग नाही. इथे गिऱ्हाईक काम विकत घेतं. ती नातवंडं खिडकीत उभी आहेत तोवर पातं फिरलं पाहिजे आणि बर्फ उडाला पाहिजे.

यात बहुतेकांचं गणित चुकतं, कारण त्यांना वाटतं की खरी गाडी २२.५ने लहान केली की सगळंच त्या प्रमाणात लहान होतं. बर्फ लहान होत नाही, साहेब! बागेत १० सेंटिमीटर बर्फ पडला, तर तुमच्या गाडीच्या दृष्टीने तो सव्वादोन मीटर आहे. रुळाची उंची जेमतेम ८ मिलिमीटर. आणि वजन बघा. लांबी २२.५ पट कमी झाली तर वजन २२.५चा घन, म्हणजे ११ हजारांहून जास्त पटीने कमी होतं. शंभर टनांचं इंजिन पावणेनऊ किलोवर येतं. एचओमध्ये तेच इंजिन दीडशे ग्रॅमचं. बर्फाचा चिकटपणा मात्र आहे तेवढाच. म्हणून घरातली एचओ गाडी बाहेर खऱ्या बर्फात नेऊन ठेवणं म्हणजे मुंगीला चिखलात नांगर धरायला लावणं.

बागेतली गाडी चालवताना काय होतं

पाचरीचा नांगर स्वस्त आणि बनवायला सोपा, म्हणून सुरुवात त्यानेच करा. त्याचा दोष असा की बर्फ जरा खोल झाला की तो कापण्याऐवजी वर चढतो. नांगराखाली बर्फ दाबला जातो, पुढची चाकं उचलली जातात, डबा आडवा. उपाय दोन. पुढच्या बोगीच्या बरोबर वर वजन टाका, मागे नाही. आणि इंजिनाला जोडायला स्प्रिंगचं कपलिंग वापरू नका, सरळ धातूची पट्टी वापरा. कपलिंग ओढायला असतं. जोरात ढकललं की ते गुडघ्यासारखं दुमडतं आणि डब्याची शेपटी उचलतं. बारीकशी पट्टी आहे, पण किटमध्ये ती घातलीत तर तुमचा माल बाकीच्यांपेक्षा वेगळा ठरेल.

गिऱ्हाइकाला चालवायची पद्धतही लिहून द्या. रात्रभर बर्फ साठू देऊन सकाळी नांगर सोडू नये. पडायला लागल्यापासून थोड्या थोड्या वेळाने फेरी मारावी. खऱ्या रेल्वेही असंच करतात. दुपारी ऊन पडून बर्फ वितळतो आणि संध्याकाळी सांध्याच्या खाचेत गोठून दगड होतो, तिथे कुठलाही नांगर चालत नाही. ब्रश घेऊन हातानेच साफ करावं लागतं. हे तुम्ही आधीच छापून दिलं तर तक्रार येत नाही. नाही दिलं तर एक स्टार येतो.

वीज हा पुढचा प्रश्न. साध्या मॉडेल रेल्वेला वीज रुळांतून मिळते. रुळावर बर्फाचा पापुद्रा बसला की चाकाला वीज मिळत नाही, गाडी जागच्या जागी थांबते. म्हणून हिवाळ्यात बागेत चालवणारे लोक डब्यात बॅटरी आणि रेडिओ कंट्रोल बसवतात. थंडीत लिथियम बॅटरी कमी वेळ टिकते, आणि शून्याखालच्या तापमानात ती चार्ज केली तर कायमची खराब होते. घरात आणून, गरम होऊ देऊन मग चार्ज करायची. बनवणाऱ्यासाठी याचा अर्थ: बॅटरी काढता आली पाहिजे, तेही हातमोजे घालून. चार बारीक स्क्रू उघडायला लागले तर तुमचं डिझाइन नापास.

आता रोटरी. इथे जो प्रश्न मला सगळ्यात आवडतो तो असा: चाक किती वेगाने फिरवायचं? मॉडेल लहान म्हणून लोक हळू फिरवतात. उलट आहे. आदर्श स्थितीत ४५ अंशांत फेकलेली वस्तू जितकी लांब जाते, ते अंतर वेगाच्या वर्गावर ठरतं. खऱ्या रोटरीने ३० मीटर लांब बर्फ फेकायचा तर पात्याच्या टोकाला सेकंदाला साधारण १७ मीटर वेग लागतो. दहा फुटी चाकाला त्यासाठी मिनिटाला ११०च्या आसपास फेरे पुरतात. मॉडेलमध्ये ३० मीटरचे १.३ मीटर झाले, वेग ३.६ मीटरवर आला, पण चाक फक्त १३५ मिलिमीटरचं आहे. हिशोब केला तर मिनिटाला ५१० फेरे लागतात. घर्षण आणि तोंडातल्या अडथळ्यात जाणारा वेग धरला तर मी दीडपट, म्हणजे ७५०च्या पुढे ठेवायला सांगेन. ज्याला हा हिशोब येत नाही तो सुंदर चाक बनवतो आणि बर्फ समोरच्या समोर पडतो. तुमची स्पर्धा त्याच्याशी आहे.

कोरडा भुसभुशीत बर्फ रोटरी आनंदाने फेकते. ओला बर्फ वरच्या तोंडात चिकटून डाटा बसतो. आतला पृष्ठभाग गुळगुळीत घासा, कोपरे गोल ठेवा, प्रिंटच्या थरांच्या रेघा बर्फाच्या वाटेला आडव्या येणार नाहीत अशा दिशेने प्रिंट करा. बर्फ काढायची मोठी घरगुती यंत्रं वापरणारे लोक आत सिलिकॉन स्प्रे मारतात, तो इथेही चालतो. मोटरमध्ये वितळलेलं पाणी जाणार, त्यामुळे दांड्याला ऑइल सील हवंच.

आणि खडा. बागेतल्या रुळाखाली खडी असते, झाडाच्या काड्या असतात. वेगात फिरणाऱ्या चाकात खडा अडकला की काहीतरी तुटणारच. काय तुटावं हे तुम्ही ठरवायचं. चाक आणि मोटरच्या मध्ये मुद्दाम एक कमजोर पिन घाला. खडा आला की पिन तुटते, गिअर वाचतो. इथे 'मजबूत बनवतो' म्हणून पोलादाची पिन घालणारा कारागीर मी बघितलाय. पिन वाचली, गिअरबॉक्स गेला. पितळेची किंवा प्लास्टिकची घ्या, आणि पाकिटात पाच जास्तीच्या द्या. संपल्या की गिऱ्हाईक परत तुमच्याकडेच येतं.

बर्फ नाही, मग चाचणी कशी?

जलने वाळू वापरली, तुम्ही स्वयंपाकघर वापरा. एक लिटरचा डबा आणि वजनकाटा घ्या. ताजा कोरडा बर्फ लिटरला ५० ते १०० ग्रॅम भरतो, दबलेला २०० ते ३००, ओला ४००च्या पुढे. वाळू दीड किलोच्या वर जाते, म्हणजे ताकदीची परीक्षा घ्यायला वाळू चांगली, पण फेक मोजायला निरुपयोगी. कुरमुरे हाताने चुरडून त्यांचं वजन करून बघा, हलक्या बर्फासाठी तेच धरा. चिकट, ओल्या बर्फासाठी गोळेवाल्याकडून खिसलेला बर्फ आणा. तो खऱ्यापेक्षा जड आणि पाणीदार असतो, पण त्यातून जे तोंड तुंबत नाही ते बाहेरही सहसा तुंबणार नाही. प्रिंट केलेला भाग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. घरचा फ्रीजर उणे १८ अंशांच्या आसपास असतो. सकाळी काढून टेबलावरून खाली टाका. काही रेझिन थंडीत काचेसारखं फुटतं, ते गिऱ्हाइकाच्या अंगणात कळण्यापेक्षा तुमच्या फरशीवर कळलेलं बरं.

या सगळ्यानंतरही खरा बर्फ तो खराच. म्हणून पहिले दोन-तीन नग बर्फाच्या देशातल्या छंदिष्टांना फक्त खर्चात द्या आणि बदल्यात व्हिडिओ मागा. फुकट देऊ नका. फुकटची वस्तू माणूस माळ्यावर टाकतो.

पैशाचं बोलू

खालचे आकडे मी समजुतीसाठी धरलेत, तुमचे तुम्ही काढा. चाक, त्याभोवतीचं आवरण आणि फेकायचं तोंड असा मोटरशिवायचा सेट. मटेरियल ४५० रुपये. मशीन १४ तास, तासाला ४० धरून ५६०. घासणं, जोडणं ३ तास, तुमच्या हाताचे तासाला २०० धरून ६००. हो, स्वतःची मजुरी धरायचीच. पॅकिंग १५०. फसलेल्या प्रिंटचे २००. एकूण १,९६०. विक्री ५,५०० ला, पोस्टेज वेगळं. प्लॅटफॉर्म आणि पेमेंटचा कट १२ टक्के म्हणजे ६६०. उरले २,८८०. दर दहात एक नग बदलून द्यावा लागेल असं धरा: त्याचा खर्च आणि १,८०० पोस्टेज मिळून ३,७६०, म्हणजे दर नगावर ३७६. हातात अडीच हजार. तीस रुपयांच्या कीचेनमागे आठ रुपये सुटत असतील तर या एका सेटसाठी तीनशेच्या वर कीचेन विकाव्या लागतील.

पण भुलू नका. असे सेट महिन्याला शंभर जात नाहीत. हे मार्केट खरोखर लहान आहे, आणि हंगामी आहे. रेनकोटवाला मे महिन्यात माल भरतो, तसा तुमचा माल पावसाळ्यात बनला पाहिजे आणि सप्टेंबरअखेर निघाला पाहिजे. पावसाळ्यात फिलामेंट ओल धरतं, प्रिंट फुगतात, तेव्हा रोल सिलिका जेलसह हवाबंद डब्यात. उरलेलं वर्ष एचओच्या दिसणाऱ्या भागांवर काढा, त्यांना हंगाम नाही.

परदेशी पाठवायला डीजीएफटीकडून आयईसी नंबर काढा, फी ५०० रुपये. जीएसटी असेल तर एलयूटी भरा. प्रमाणबद्ध मॉडेल्स ९५०३ या शीर्षकाखाली येतात. पोस्टाच्या डाकघर निर्यात केंद्रातून लहान पार्सलही रीतसर निर्यात म्हणून जातं. बॅटरी पार्सलमध्ये घालू नका, लिथियमचे हवाई नियम वेगळे आहेत. गिऱ्हाईक तिकडे विकत घेईल. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली ड्युटीची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली गेली, तेव्हा भाव सांगण्याआधी त्या आठवड्याचा दर बघा. युरोपीय संघात १३ डिसेंबर २०२४ पासून नवा सुरक्षा नियम आहे, तिथे तुमच्या मालाची जबाबदारी घेणारा तिथलाच कुणीतरी लागतो. त्यामुळे बऱ्याच छोट्या विक्रेत्यांनी तिकडे पाठवणं थांबवलं. पहिल्या वर्षी तुम्हीही थांबवा. आणि भारतात विकताना 'लहान मुलांचं खेळणं' असं लिहिलंत तर १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठीचा बीआयएसचा नियम लागतो, तो १ जानेवारी २०२१ पासून आहे. ही मोठ्यांची वस्तू आहे, तसंच लिहा.

रेल्वे कंपन्यांची नावं आणि चिन्हं परस्पर छापू नका. युनियन पॅसिफिकने मॉडेल बनवणाऱ्यांकडे लायसन्स मागितलं होतं आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. पुढे ते मिटलं, पण तुमच्यामाझ्यासारख्यांना वकिलाची पहिली नोटीसच परवडत नाही. कोरा डबा विका, रंग आणि नाव गिऱ्हाईक लावतं. त्याला तेच आवडतं.

दुकान कुठे मांडायचं? शेपवेज नावाच्या साइटवर मॉडेल रेल्वेचे कितीतरी छोटे डिझायनर आपले भाग विकायचे. जुलै २०२४ मध्ये ती दिवाळखोरीत गेली आणि त्यांची दुकानं एका झटक्यात बंद पडली. पुढे ती नव्याने सुरू झाली, पण मधला काळ गेला तो गेलाच. दुसऱ्याच्या मांडवात दुकान लावा, पण गिऱ्हाइकांचे ईमेल आणि डिझाइनच्या फाइल तुमच्या कपाटात ठेवा.

पुढच्या रविवारच्या व्हिडिओत मी पिनची चाचणी कॅमेऱ्यासमोर करणार आहे: पितळ, नायलॉन आणि अगरबत्तीची काडी, तिन्ही. कुणी चाक प्रिंट केलं असेल तर शनिवारपर्यंत वर्कशॉपला घेऊन या. बाहेरचा व्यास १३५ मिलिमीटर, दांड्याचं भोक ६ मिलिमीटर ठेवा, म्हणजे माझ्या मोटरवर बसेल. कुरमुरे मी आणतो.